वाचकांचे प्रश्न : जुन्या स्पोर्ट्स कारला एवढा भाव कशामुळे?

जुन्या फेरारी, पोर्श आणि जपानी स्पोर्ट्स कारच्या लिलावांतील आकडे वाचून अनेक वाचकांनी या सदराकडे विचारणा केली आहे. काहींना केवळ कुतूहल आहे, तर काही जण खरोखरच पैसे गुंतवण्याच्या विचारात आहेत. त्यांतील निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : माझी गाडी शोरूममधून बाहेर पडली त्या दिवसापासून तिची किंमत उतरते आहे आणि विम्याच्या कागदावर दरवर्षी ते दिसतेही. मग साठ वर्षांपूर्वीच्या वापरलेल्या फेरारीला कोट्यवधी डॉलर कसे मिळतात? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : आपल्या गाडीचा भाव ठरवताना घेणारा एवढेच पाहतो की, ही अजून किती वर्षे विनातक्रार धावेल. संग्राहक मंडळी ज्या गाड्यांसाठी बोली लावतात, त्यांच्याबाबतीत हा हिशेब केव्हाच संपलेला असतो. तिथे पाहिले जाते ते तशी गाडी जगात किती उरली आहे आणि ती हवी असणारे किती जण आहेत. फेरारीने १९६२ ते १९६४ या काळात २५० जीटीओ ही शर्यतीची गाडी केवळ ३६ नग बांधली. अमेरिकेत तिची नवी किंमत सुमारे १८,००० डॉलर होती. शर्यतीत तिचे दिवस भरल्यावर, १९६० च्या दशकाच्या अखेरीस, ती काही हजार डॉलरना हात बदलत असे, कारण जुन्या रेसिंग कारचे करायचे काय, हा प्रश्न मालकांनाच पडलेला होता. ऑगस्ट २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातील माँटेरे येथे आरएम सदबीजच्या लिलावात यांपैकी एक गाडी ४ कोटी ८४ लाख डॉलरना गेली. नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये याच घराण्यातील, पण चार लिटर इंजिनाच्या १९६२ च्या गाडीला ५ कोटी १७ लाख डॉलर मिळाले. मर्सिडीजची १९५५ ची ३०० एसएलआर उहलेनहाउट कूपे तर जगात दोनच आहेत. त्यांपैकी एक कंपनीने मे २०२२ मध्ये स्वतःच्या संग्रहातून १३ कोटी ५० लाख युरोंना विकली. लिलावात विकल्या गेलेल्या कोणत्याही मोटारगाडीला याहून अधिक किंमत आल्याचे ठाऊक नाही.

तरीही नुसत्या दुर्मीळपणावर भाव चढतो, असे समजू नये. दुर्मीळ असूनही कोणालाच नको असलेल्या गाड्या युरोपातील गोदामांत पुष्कळ पडून आहेत. उलट, एमजीबी ही दिसायला देखणी आणि चालवायला मजेदार असलेली ब्रिटिश स्पोर्ट्स कार पाच लाखांहून अधिक संख्येने बनली. म्हणूनच तिचे चाहते जगभर असूनही ती आजही मध्यमवर्गीय माणसाच्या आवाक्यात आहे. मागणी आणि तुटवडा यांची गाठ पडावी लागते, आणि मागणी बहुतेकदा पिढीगणिक सरकते. ज्या गाडीचे चित्र माणसाने सोळाव्या वर्षी खोलीच्या भिंतीवर लावलेले असते, ती गाडी पंचेचाळिशी-पन्नाशीत हाती पैसा आल्यावर तो शोधू लागतो. १९६१ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात सर्वांना वेड लावणाऱ्या जॅग्वार ई-टाइपच्या किमती अलीकडच्या काळात रेंगाळल्या आणि १९८०-९० च्या दशकांतील गाड्या पुढे निघून गेल्या, त्यामागे माझ्या मते हेच प्रमुख कारण आहे.

आणखी एक कारण तंत्रज्ञानातले आहे. पोर्श ९११ चे इंजिन तीन दशकांहून अधिक काळ हवेने थंड होत असे. १९९८ मध्ये ९९३ ही मालिका थांबली आणि पुढच्या ९९६ पासून पाण्याने थंड होणारे इंजिन आले. त्या दिवसापासून हवेवर थंड होणाऱ्या ९११ ची संख्या कायमची ठरून गेली. ९९६ मात्र अनेक वर्षे स्वस्त राहिली, कारण तिचे दिवे लोकांना रुचले नाहीत आणि इंजिनातील मधल्या शाफ्टचे बेअरिंग तुटून अख्खे इंजिन निकामी होण्याची भीती ग्राहकांच्या मनात बसली. हातगिअरचेही तसेच आहे. फेरारीने नव्या गाड्यांत क्लच पेडल देणे बंद केल्यावर हातगिअरच्या जुन्या फेरारींना, त्याच मॉडेलच्या पॅडलगिअरच्या (स्टिअरिंगमागच्या पट्ट्या दाबून गिअर बदलणाऱ्या) गाड्यांपेक्षा, चांगलाच अधिक भाव मिळू लागला. बहुतेक स्पोर्ट्स कार आधी पंधरा-वीस वर्षे इतर गाड्यांसारख्याच उतरतात, तळाला पोहोचतात आणि त्यांतील मोजक्याच पुन्हा वर येतात. वर आलेल्यांचीच बातमी होते, हे आकडे वाचताना ध्यानात असू द्यावे.

प्रश्न : म्हणजे एकदा चढू लागलेली किंमत चढतच राहते, असे धरून चालावे काय? (एक निवृत्त बँक अधिकारी, पुणे)

उत्तर : मुळीच नाही, आणि त्याचा सर्वांत बोलका पुरावा फेरारी एफ४० हाच आहे. कंपनीच्या चाळिसाव्या वर्षानिमित्त १९८७ मध्ये ही गाडी जाहीर झाली, तेव्हा साधारण ४०० नगच काढायचे, अशी भाषा होती. ऑक्टोबर १९८७ मध्ये शेअर बाजार कोसळला आणि धास्तावलेला पैसा ठोस वस्तूंकडे वळला. ऑगस्ट १९८८ मध्ये एन्झो फेरारी यांचे निधन झाले. त्यांच्या देखरेखीखाली निघालेली ही अखेरची फेरारी, असा तिचा लौकिक झाला. जपानमध्ये त्या वेळी जमिनीचे आणि शेअर्सचे भाव आभाळाला भिडले होते, त्यामुळे तिथले खरेदीदारही यात उतरले. परिणामी, नोंदणी करून ठेवलेल्या एफ४० ची डिलिव्हरी मिळण्याआधीच तिचे कागद चढ्या भावाने फिरू लागले आणि ब्रिटनमध्ये दोन लाख पौंडांच्या आतबाहेर किंमत असलेल्या या गाडीसाठी काहींनी त्याच्या कित्येक पट रक्कम मोजली.

पुढे दोन गोष्टी घडल्या. १९९० नंतर जपानचा फुगा फुटला, पाश्चात्त्य देशांत मंदी आली आणि व्याजदर चढे राहिले, त्यामुळे कर्ज काढून गाड्या घेतलेल्यांना त्या विकाव्या लागल्या. दुसरीकडे, मागणी पाहून फेरारीने उत्पादन वाढवत नेले आणि १९९२ मध्ये ते थांबले तेव्हा ४०० ऐवजी तेराशेहून अधिक एफ४० रस्त्यावर आल्या होत्या. १९९० च्या दशकाच्या मध्यास तिचा भाव पुन्हा मूळ किमतीच्या आसपास येऊन पोहोचला होता. आज उत्तम अवस्थेतील एफ४० वीस लाख डॉलरच्या पुढे जाते, हे खरे. पण १९८९ मध्ये शिखरावर घेतलेल्या माणसाला केवळ मुद्दल परत पाहण्यासाठी किती वर्षे थांबावे लागले असेल, आणि तेवढ्या काळातील विमा, गॅरेज व देखभाल यांचा खर्च धरला तर काय उरले असेल, हे आपण बँकेत काम केलेले असल्याने मी सांगायला नको.

कंपनी स्वतःच पुरवठा वाढवू शकते, हा धोका आजही आहे. पोर्शने २०१६ मध्ये हातगिअरची ९११ आर केवळ ९९१ नग काढली. अमेरिकेत तिची छापील किंमत १,८४,९०० डॉलर होती आणि काही महिन्यांतच तिच्यासाठी दहा लाख डॉलरच्या घरातील आकडे मागितले जाऊ लागले. २०१७ मध्ये पोर्शने तशाच स्वभावाची, हातगिअरचीच, पण संख्येची मर्यादा नसलेली जीटी३ टूरिंग बाजारात आणली आणि ९११ आर चा भाव झपाट्याने खाली आला. सट्टेबाजांना पोर्शने शिकवलेला हा धडा मला व्यक्तिशः आवडला.

प्रश्न : मी कॅलिफोर्नियात राहतो. कॉलेजात असल्यापासून निस्सान स्कायलाइन जीटी-आर घ्यायचे मनात आहे. आता तिची आर३४ ही पिढी अमेरिकेत कायदेशीरपणे आणता येते, असे मित्र सांगतात. घ्यावी का, आणि पुढे भारतात परतताना ती सोबत नेता येईल का? (एक संगणक अभियंता, सॅन होजे)

उत्तर : आपल्या मित्रांचे म्हणणे अर्धेच बरोबर आहे. अमेरिकेच्या केंद्रीय नियमानुसार, तिथल्या सुरक्षा मानकांसाठी न बनवलेली गाडी तिच्या निर्मितीच्या महिन्यापासून पंचवीस वर्षे उलटल्यावर आयात करता येते. जपानमध्ये १९८९ मध्ये आलेली आर३२ ही आधीची पिढी त्यामुळे २०१४ पासून अमेरिकेत येऊ लागली आणि १९९९ च्या आर३४ ला २०२४ मध्ये दार उघडले. या नियमाचा किमतीवर झालेला परिणाम मजेशीर आहे. जपानमध्ये कोपऱ्यावरच्या डीलरकडे साध्या जुन्या गाडीसारखी मिळणारी आर३२, अमेरिकी ग्राहक मैदानात उतरताच महागली, आणि व्यापाऱ्यांनी त्यापासून धडा घेऊन आर३४ चे भाव २०२४ उजाडण्याच्या कितीतरी आधीच वर नेऊन ठेवले. थोडक्यात, कायद्याचे दार उघडल्याचा फायदा जो व्हायचा, तो बहुतांशी होऊन गेलेला आहे. निर्मितीचा महिना जवळ येईल तशा २००२ पर्यंतच्या गाड्यांबाबत हाच खेळ अजून चालू आहे.

राहिलेली अर्धी बाजू आपल्या राज्याची. कॅलिफोर्नियाचे प्रदूषणाचे नियम केंद्रीय नियमांहून वेगळे आणि कडक आहेत. १९७५ किंवा त्यापूर्वीच्या गाड्यांना त्यांतून सूट आहे. १९९९ च्या आर३४ ला नाही. तिला राज्याच्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून चाचणी करून घेऊन अनुरूपतेचे प्रमाणपत्र मिळवावे लागते. ते काम खर्चिक आणि वेळखाऊ आहे. त्यामुळे विक्रेत्याने हे प्रमाणपत्र आधीच मिळवलेले नसेल, तर गाडी बंदरातून घरी आली तरी तिच्यावर नंबरप्लेट चढेलच असे नाही.

जपानमधील लिलावाच्या गाडीसोबत तपासणीचा एक कागद येतो. त्यावर गाडीच्या रेखाचित्रावर प्रत्येक ओरखडा, पोचा आणि बदललेला पत्रा खुणांनी दाखवलेला असतो, आणि कोपऱ्यात एकूण दर्जाचा आकडा असतो. त्या जागी आकड्याऐवजी ‘आर’ किंवा ‘आरए’ असे अक्षर असेल, तर गाडीला अपघात होऊन दुरुस्ती झालेली आहे, असा त्याचा अर्थ. मूळ जपानी कागद मागून घ्यावा. विक्रेत्याने टाइप करून दिलेल्या भाषांतरावर विसंबू नये.

भारतात नेण्याचा विचार मात्र सोडून द्यावा. आपल्याकडे जुनी गाडी आयात करायची तर ती सर्वसाधारणपणे तीन वर्षांहून जुनी असून चालत नाही. २०२५ मध्ये सरकारने सवलत दिली ती पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांना. या दोन मर्यादांच्या मधली जवळजवळ प्रत्येक गाडी, म्हणजे आपली आर३४ सुद्धा, अधांतरी राहते.

प्रश्न : लंडनमध्ये मला १९७३ ची पोर्श ९११ दाखवण्यात आली आहे. संपूर्ण नव्याने रंगवून ‘नव्यासारखी’ केल्याचे विक्रेता सांगतो. मूळ रंग न राहिल्याने किमतीवर परिणाम होतो का? नेमके काय तपासावे? (एक वाचक, लंडन)

उत्तर : परिणाम होतो, आणि तो आपण समजता त्याहून मोठा होतो. पूर्वी चकाचक पुनर्निर्मिती केलेली गाडी अधिक किमतीची मानत. आता जाणकार मंडळी, कारखान्यातून आलेला रंग थोडा उडालेला असला तरी तोच पसंत करतात, कारण नव्या रंगाखाली काय दडले आहे ते कळत नाही. १९७६ च्या मॉडेलपासून पोर्शने ९११ चा सांगाडा जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याचा केला. आपली गाडी त्याआधीची असल्याने गंज हा तिचा पहिला शत्रू आहे. बॅटरीखालचा तळ, पुढच्या चाकांवरच्या कमानी आणि दारांखालचे बंदिस्त पट्टे नीट पाहावेत. कापडात गुंडाळलेला लहानसा लोहचुंबक पत्र्यावरून फिरवावा. जिथे तो धरत नाही, तिथे पत्र्याच्या जागी पुट्टी भरलेली आहे. रंगाची जाडी मोजण्याचे छोटे यंत्र मिळते. कारखान्याचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉनच्या दरम्यान असतो. एखाद्या दारावर आकडा त्याच्या दुप्पट आला, तर तो भाग निदान एकदा तरी रंगवलेला आहे.

आपली गाडी साधी ९११ आहे की तिची शर्यतीसाठी हलकी केलेली आवृत्ती कॅरेरा आरएस २.७, याचा उल्लेख आपल्या प्रश्नात नाही. पण १९७३ हे साल आणि मागे बदकाच्या शेपटीसारखा स्पॉयलर असे दोन्ही असेल, तर फार सावध राहावे. खऱ्या आरएस २.७ एकंदर १,५८० बनल्या. साध्या ९११ ला तो स्पॉयलर, रुंद मागचे मडगार्ड आणि बाजूचे ‘कॅरेरा’ हे अक्षरचित्र लावून तयार केलेल्या नकला जगभर आहेत. खऱ्या गाडीचा चासी क्रमांक ९११३६० ने सुरू होतो आणि इंजिनावर ९११/८३ हा प्रकार कोरलेला असतो. याहून पुढची पायरी म्हणजे चासीवरचा, इंजिनावरचा आणि गिअरबॉक्सवरचा क्रमांक कंपनीच्या मूळ नोंदीशी जुळतो का, हे पाहणे. तिन्ही जुळणाऱ्या गाडीत आणि नंतर दुसरे इंजिन बसवलेल्या गाडीत किमतीचा मोठा फरक पडतो. फेरारीच्या बाबतीत मारानेल्लो येथील मुख्यालयातला ‘क्लासिके’ विभाग अशी खातरजमा करून प्रमाणपत्र देतो, तर पोर्शही आपल्या नोंदींवरून कोणत्या गाडीवर मूळचा कोणता रंग आणि कोणती उपकरणे होती, ते लेखी कळवते.

गाडी फारच कमी चाललेली असेल तर मी खूश न होता प्रश्न विचारीन. पडून राहिलेल्या गाडीतले रबर वाळते, ब्रेकची पिस्टने अडकतात, पेट्रोलच्या टाकीत डिंक साचतो. टायरच्या कडेवर चार अंकी क्रमांक असतो. पहिले दोन अंक आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. नक्षी कोरी असूनही त्यावर २३०९ असे असेल, तर ते टायर २००९ च्या तेविसाव्या आठवड्यातले आहेत आणि वेगात भरवशाचे नाहीत. महागड्या गाड्यांत हा खर्च फार वाढतो. एफ४० च्या टाक्या रबरी पिशव्यांच्या आहेत आणि ठरावीक वर्षांनी त्या बदलाव्याच लागतात, गाडी एक किलोमीटरही चाललेली नसली तरी. टेस्टारोसा किंवा एफ३५५ चा टायमिंग बेल्ट बदलायचा तर इंजिन संपूर्ण खाली उतरवावे लागते. दहा वर्षांत गाडीचा भाव तीस टक्क्यांनी वाढला, असे जेव्हा कोणी सांगतो, तेव्हा त्या आकड्यातून अशी किती बिले वजा केली, हेही विचारावे.

आपण ब्रिटनमध्ये आहात, त्यामुळे दोन गोष्टी आपल्या बाजूच्या आहेत. तिथे खासगी मोटारगाडी विकून झालेल्या नफ्यावर भांडवली नफा कर लागत नाही, मात्र विक्रीचा धंदा करत असाल तर गोष्ट वेगळी. शिवाय चाळीस वर्षांहून जुन्या, मोठे फेरबदल न झालेल्या गाडीला रस्ताकर आणि वार्षिक तपासणी या दोन्हींतून सूट मिळू शकते.

प्रश्न : मालक प्रसिद्ध असल्यास भाव वाढतो का? सचिन तेंडुलकर यांच्या फेरारीला आज काय किंमत येईल? (एक क्रिकेटप्रेमी, कोल्हापूर)

उत्तर : वाढतो; पण त्या मालकाचा आणि त्या गाडीचा संबंध लोकांच्या स्मरणात असावा लागतो. अभिनेता स्टीव्ह मॅक्वीन यांची १९७० ची पोर्श ९११ एस २०११ मध्ये माँटेरे येथे १३ लाख ७५ हजार डॉलरना विकली गेली. तशीच दुसरी ९११ एस त्या वेळी याच्या लहानशा अंशाला मिळाली असती. फरक होता तो त्यांच्या रेसिंगवरील चित्रपटात हीच गाडी वापरली गेल्याचा. सचिन यांना डॉन ब्रॅडमन यांच्या २९ कसोटी शतकांची बरोबरी केल्याबद्दल फियाटतर्फे मिळालेली ३६० मोडेना २००२ मध्ये फेरारीचे फॉर्म्युला वन शर्यतपटू मायकेल शूमाकर यांच्या हस्ते देण्यात आली होती, आणि तिच्या आयातशुल्कावरून झालेला वाद आपल्यासारख्या वाचकांना आठवत असेलच. २०११ मध्ये ती सुरतेतील एका व्यावसायिकाने घेतली. ३६० ही फेरारीच्या मानाने भरपूर संख्येने बनलेली गाडी असल्याने युरोपात तिला केवळ मॉडेल म्हणून फार मोठा भाव येत नाही. भारतात सचिन आणि शूमाकर ही दोन नावे एकत्र आल्याने तिचा विचार वेगळा होईल, परंतु ती किंमत बाजाराने ठरवलेली नसेल. त्या दिवशी समोर बसलेल्या दोन हट्टी खरेदीदारांनी ठरवलेली असेल.

प्रश्न : भारतात जुनी गाडी नफ्यात विकली तर प्राप्तिकर लागतो का? घरगुती वस्तू म्हणून सूट मिळते, असे ऐकले आहे. (एक वाचक, दादर)

उत्तर : वैयक्तिक वापराच्या चल वस्तू भांडवली मालमत्तेत (जिच्या विक्रीतील नफ्यावर कर लागतो) धरल्या जात नाहीत, आणि स्वतःच्या वापराची मोटार सामान्यतः अशा वैयक्तिक वस्तूंत मोडते, हे खरे. पण ‘वैयक्तिक वापर’ सिद्ध करण्याची जबाबदारी आपल्यावर असते. मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये निकाल दिलेल्या एका प्रकरणात करदात्याने १९३१ ची फोर्ड १९८३ मध्ये २०,००० रुपयांना घेतली होती आणि पुढे ती २१ लाखांना विकली. ती वैयक्तिक वापराचीच गाडी होती, हे त्यांचे म्हणणे न्यायालयाने मानले नाही. गाडी वैयक्तिक वापरास योग्य असणे पुरेसे नाही, ती प्रत्यक्षात वापरली गेली हे दाखवावे लागते, असा त्या निकालाचा आशय आहे. म्हणून पेट्रोलची, विम्याची आणि गॅरेजची बिले जपावीत, आणि गाडी रविवारी का होईना, बाहेर काढावी. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीची ‘व्हीए’ या व्हिंटेज वाहनांच्या मालिकेत नोंदणी केली असेल, तर ती रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही, हे या संदर्भात विशेष अडचणीचे ठरू शकते. अशा वेळी विक्रीपूर्वीच सनदी लेखापालांचा सल्ला घ्यावा.

प्रश्न : आमच्याकडे सॅन स्टॉर्म ही दोन आसनी उघडी गाडी आहे. भारतीय स्पोर्ट्स कार म्हणून तिला पुढे भाव येईल का? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : येण्याची शक्यता आहे, पण फेरारीच्या वाटेने नव्हे. फायबरग्लासची बॉडी आणि रेनॉचे १.२ लिटरचे, सुमारे ६० अश्वशक्तीचे इंजिन असलेली ही गाडी वेगाच्या शौकिनांना फारशी रुचली नाही, आणि फारच थोड्या विकल्या गेल्या. तुटवडा आहे, मागणी मात्र अजून काही हौशी लोकांपुरतीच आहे. नव्वदच्या दशकात वाढलेली पिढी तिची आठवण काढू लागली आहे, एवढे नक्की. विकण्याची घाई नसेल तर टप, काचा, दिवे आणि आतली मूळ आसने जशीच्या तशी ठेवावीत. फायबरची भेग साध्या डेंटिंगवाल्याकडे न नेता बोटींच्या फायबरचे काम करणाऱ्या कारागिराकडे न्यावी. गोव्यात तसे कारागीर सहज सापडतील. आरसी बुक, पहिल्या खरेदीची पावती आणि कंपनीचे माहितीपत्रक घरात कुठे असेल तर ते आधी शोधून एका फाइलमध्ये लावावे. नोंदणीची मुदत संपत आली असेल, तर ती संपण्यापूर्वीच आरटीओत नूतनीकरण करून घ्यावे, कारण लॅप्स झालेल्या कागदांची गाडी घ्यायला हौशी माणूसही कचरतो.